ओर्व्हाल: आधी तारीख, मग बिअर

ओर्व्हाल या बेल्जियन बिअरची बाटली घेताना आधी लेबलावरची बारीक अक्षरं वाचावीत. बिअर बाटलीत कधी भरली आणि कधीपर्यंत चालेल, या दोन्ही तारखा तिथे असतात, आणि मुदत चांगली पाच वर्षांची. चवीच्या दृष्टीनं महत्त्वाची पहिली तारीख. तीन महिन्यांची आणि दोन वर्षांची ओर्व्हाल शेजारी ठेवून प्यायलात तर दोन्ही एकाच ब्रुअरीतून आल्यात हे पटणार नाही.

बेल्जियमच्या दक्षिण टोकाला ओर्व्हालचा मठ आहे. मठाच्या पुनर्बांधणीला पैसा लागत होता, म्हणून १९३१ साली तिथे ब्रुअरी निघाली. बाटली ३३ सेंटिलिटरची, खाली फुगीर आणि वर निमुळती; अल्कोहोल ६.२ टक्के.

बाकीच्या ट्रॅपिस्ट (म्हणजे त्या पंथाच्या मठांत बनणाऱ्या) बिअर बहुतेक गोडसर आणि जड असतात. ही कोरडी आणि कडवट आहे, कारण बनवण्याची पद्धतच निराळी. पहिलं किण्वन एल प्रकारच्या बिअरच्या नेहमीच्या यीस्टनं होतं. मग थंड टाकीत बिअरमध्ये हॉप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं, मुरवतात. सुगंध येतो तो त्यातून. बाटलीत भरताना थोडी साखर आणि ब्रेटानोमायसिस (थोडक्यात ब्रेट) हे जंगली यीस्ट घालतात. नेहमीचं यीस्ट ज्या शर्करांना हात लावत नाही, त्याही ब्रेट सावकाश, महिनोन् महिने खात राहतं. त्यामुळे गोडवा उतरत जातो, गॅस वाढतो आणि चामडं, ओलं गवत, घोड्याचं खोगीर अशा वासांची बिअर तयार होते. वाचायला विचित्र वाटेल, पण संत्र्याच्या सालीसारख्या कडवटपणाबरोबर हे वास फार सुरेख जमतात.

पहिले सहा महिने हॉप्सचा जोर असतो. माझी पसंती वर्ष ते दीड वर्षाच्या बाटलीला: हॉप्स अजून जाणवतात आणि ब्रेटही बोलायला लागलेलं असतं. तीन वर्षांनंतर हॉप्सचा ताजेपणा बहुतेक गेलेला असतो. ज्यांना ब्रेटच हवं त्यांनीच एवढं थांबावं.

घरी मुरवायची तर बाटली उभी ठेवा, अंधारात, १० ते १५ अंशांवर. फ्रिजमध्ये ब्रेट जवळजवळ झोपतं, म्हणून तिथे वर्षभर ठेवून फारसं काही साधत नाही. उष्ण जागी बिअर लवकर शिळी होते, पुठ्ठ्यासारखी लागते. तपकिरी काच असली तरी उन्हात ठेवू नका. प्रकाशानं हॉप्समधली कडू द्रव्यं बिघडून घाण वास येतो.

ओतायची १२ ते १४ अंशांवर. फ्रिजमधून काढून अर्धा तास बाहेर ठेवली की पुरतं. बर्फगार प्यायली तर निम्मा वास कळतच नाही. रुंद तोंडाचा, पायाचा, बाटलीपेक्षा मोठा ग्लास घ्या, गार पाण्यानं विसळा, तिरका धरा आणि अगदी हळू ओता. गॅस भरपूर असल्यामुळे घाई केली की ग्लासभर फेसच येतो. हललेली किंवा कोमट बाटली तर उघडतानाच उसळते. ओतणं मध्ये थांबवू नका, बाटली सरळ केली की तळाचा गाळ ढवळतो. शेवटचा बोटभर भाग बाटलीतच राहू द्या. तो प्यायलात तर अपाय नाही, पण बिअर गढूळ होते आणि कडवटपणा बोथट होतो.

सोबत खारट, मुरलेलं चीज घ्या. गोड पदार्थ मात्र नकोत, त्यांच्यापुढे ही बिअर नुसती कडू लागते.