मेल कोरा पोहोचतो: साधा मजकूर, एचटीएमएल, दोन्ही की रिच टेक्स्ट?

पाठवणाऱ्याच्या 'सेंट'मध्ये नोटीस नीट दिसते आणि सभासद कळवतो, "मेल आला, पण आत काहीच नाही." अशा वेळी पुन्हा पाठवून उपयोग नसतो, कारण गोंधळ बहुधा मेलच्या स्वरूपात असतो. आधी तोच मेल एखाद्या जीमेल खात्यावर पाठवा आणि तीन ठिपक्यांच्या मेनूतून 'शो ओरिजिनल' उघडा. देवनागरी मजकूर तिथे बहुतेकदा न वाचता येणाऱ्या रोमन अक्षरांच्या ओळींत दिसतो. ते बेस६४ एन्कोडिंग (मजकूर मेलमधून न्यायला रोमन अक्षरांत बदलण्याची पद्धत) आहे, म्हणजे मजकूर पोहोचलाय, दाखवण्यात अडचण आहे. ओळीच नसतील तर पाठवतानाच काहीतरी बिनसलंय.

संस्थेबाहेर मेल जाणार असेल तर रिच टेक्स्ट, म्हणजे आउटलुकचं स्वतःचं सजावटीचं स्वरूप, नकोच. त्यात क्लासिक आउटलुक मजकुराची सजावट आणि जोडपत्रं 'विनमेल.डॅट' नावाच्या फाइलीत बांधून पाठवू शकतं, आणि ती फाइल न उलगडणाऱ्या मेल-ॲपमध्ये नुसती साधी अक्षरं किंवा कोरं पान, अधिक एक निरुपयोगी जोडपत्र दिसतं. फाइल → ऑप्शन्स → मेल इथे नवीन मेलचं स्वरूप एचटीएमएल (वेबपानासारखी मांडणी) करा. त्याच पानावर खाली, रिच टेक्स्ट मेल इंटरनेटवर पाठवताना काय करायचं ते विचारलंय, तिथेही 'कन्व्हर्ट टू एचटीएमएल' निवडा. तक्रार एकाच माणसाची असेल तर 'टू'मध्ये आपोआप सुचणारं त्याचं नाव फुलीने काढून पत्ता नव्याने टाइप करा.

साधा मजकूर सगळ्यात भरवशाचा. सभेची सूचना, ओटीपी, पाणी बंदची वेळ यांना तो पुरेसा आहे. लोगो आणि तक्ते मिळणार नाहीत, एवढंच.

नुसतं एचटीएमएल देखणं, पण नाजूक. अख्खं निमंत्रण एकाच चित्रात असलं आणि घेणाऱ्याकडे चित्रं बंद असली, की समोर फक्त पांढरी चौकट उरते. स्टाइलचा किंवा कॉमेंटचा टॅग (एचटीएमएलमधली खूण) बंद करायचा राहिला तर पुढचा सगळा मजकूर त्यातच गडप होतो. अक्षरांना काळा रंग ठरवून दिला आणि पार्श्वभूमीला काहीच नाही, तर डार्क मोडमध्ये काळ्यावर काळं होतं.

प्रोग्राममधून बिलं किंवा वार्तापत्र पाठवणाऱ्यांनी साधा मजकूर आणि एचटीएमएल असे दोन्ही भाग एकाच मेलमध्ये पाठवावेत. या रचनेला मल्टिपार्ट/अल्टरनेटिव्ह म्हणतात. इथे क्रमाला महत्त्व आहे. १९९६च्या आरएफसी २०४६ या इंटरनेट मानकानुसार आधी साधा मजकूर, शेवटी एचटीएमएल, कारण आपल्याला दाखवता येईल असा शेवटचा भाग मेल-ॲप निवडतं. म्हणूनच टेम्प्लेट भरलं गेलं नाही आणि एचटीएमएल भाग रिकामा राहिला, तर वरचा बिनचूक मजकूर असूनही मेल कोरा दिसतो. पाठवण्यापूर्वी दोन्ही भागांची लांबी तपासणारी एक ओळ कोडमध्ये घालाच. हेडरमधली (मेलच्या माथ्यावरच्या तांत्रिक ओळींतली) बाउंडरी, म्हणजे भाग वेगळे करणारी खूण, आणि प्रत्यक्ष भागांमधली बाउंडरी अक्षरन् अक्षर जुळली पाहिजे, नाहीतर ॲपला एकही भाग सापडत नाही.

मराठीसाठी यूटीएफ-८ (अक्षरं बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) आणि बेस६४ ही जोडी घ्या. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, ते कोटेड-प्रिंटेबल या दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये ९ अक्षरं खातं, बेस६४ मध्ये ४.

पीडीएफ जोडायची असेल तर बाहेर मल्टिपार्ट/मिक्स्ड (मजकूर आणि जोडपत्रं एकत्र ठेवणारी रचना), त्याच्या आत अल्टरनेटिव्ह आणि पीडीएफ त्या आतल्या भागाच्या बाहेर ठेवा. अल्टरनेटिव्हमध्येच ती शेवटी टाकली तर काही ॲप तिलाच मुख्य मजकूर समजतात.