प्रोजेक्ट कारचे ११ महिने: चालवली कमी, खोलली जास्त

गाडी घेतल्यावर महिन्याभरात लिहिणार होतो, म्हणलं आधी चालू तर होऊ दे. आता ११ महिने झाले, मीटरवर जेमतेम ९०० किमी वाढलेत आणि त्यातले निम्मे "आवाज गेला का बघून येतो" म्हणून मारलेल्या चकरांचे. जुनी कार्बोरेटरवाली चार सिलिंडरची हॅचबॅक आहे. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, कारण पुढच्या रडगाण्यात गाडी बनवणाऱ्यांचा दोष फार थोडा, बराचसा आधीच्या मालकाचा आणि उरलेला सगळा माझा.

बघायला गेलो तेव्हा फडक्यात गुंडाळून लोहचुंबक नेलं होतं. दारांना चिकटलं, बॉनेटला चिकटलं, मी खूश. मागच्या चाकाच्या कमानीला लावायचं तेवढं राहिलं आणि नेमका तिथेच पत्रा नव्हता, नुसती पुट्टी. घरी आणून स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आरपार. तो सडका भाग कापून नवा वेल्ड करण्यात दीड महिना गेला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, फक्त वेल्डिंगच्या आधी आतलं कार्पेट काढा. मी नव्हतं काढलं.

पण सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एका स्टडने, म्हणजे बिनडोक्याच्या, दोन्हीकडे आटे असलेल्या बोल्टने. इंजिनातला धूर गोळा करणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड इंजिनच्या वरच्या भागाला, म्हणजे हेडला, धरून ठेवणारा, ८ एमएमचा, करंगळीपेक्षा बारीक. तीन दिवस गंज सोडवणारं ऑइल मारत होतो, मग गोटी (सॉकेट पाना) लावून हळूहळू जोर दिला. आधी कुरकुरला, मग सैल झाल्यासारखा वाटला आणि मला वाटलं जमलं. तो सैल होत नव्हता, आतल्या आत पिळवटत होता. अजून पाव फेरा आणि टक. हेडच्या तोंडाशीच मोडला, पकडीत धरायलाही काही शिल्लक नाही. मग ड्रिल घेतलं, तर हेड अल्युमिनियमचं आणि स्टड स्टीलचा, त्यामुळे बिट मऊ बाजूला पळालं आणि भोक तिरकं. बाकीचे सात मात्र नट तापवून, आधी किंचित आवळून मग सोडवले, सगळे सुखरूप निघाले. ही अक्कल पहिल्यावर यायला पाहिजे होती. शेवटी कंटाळून ठरवलं, सात आहेत ना, आठव्यावाचून काय अडतंय. घोडं तिथेच पेंड खात होतं.

कारण त्याच आठवड्यात मी धूर मोकळा सोडणारा फ्री फ्लो एक्झॉस्ट टाकला, मोठा कार्बोरेटर टाकला आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण बघायला धुरातला ऑक्सिजन मोजणारा वाइडबँड सेन्सरही बसवला, सगळं एकदम. पेट्रोलला एका भागाला १४.७ भाग हवा हे गणित, आणि माझा गेज आयडलवर १७ दाखवतोय. म्हणजे लीन, पेट्रोल कमी. म्हणून आयडल जेट, म्हणजे आयडलला पेट्रोल सोडणारं कार्बोरेटरमधलं बारीक भोक, मोठा टाकला. तरी लीन. अजून मोठा टाकला. आता गाडी मिसिंग करायला लागली, पेट्रोलचा वास डोक्यात जायला लागला, प्लग काढले तर काजळीने काळेकुट्ट. प्लग म्हणतात पेट्रोल जास्त, गेज म्हणतो कमी, आणि मी दोन आठवडे मध्ये उभा. इग्निशन टायमिंग हलवलं, कार्बोरेटरमधली पेट्रोलची पातळी (फ्लोट लेव्हल) बदलली, सेन्सर खराब म्हणून दुसरा आणला. व्हिडिओवाले उंटावरून शेळ्या हाकत होतेच.

शेवटी इंजिन थंड असताना व्हॅक्युम क्लीनरची फुंकणारी बाजू सायलेन्सरच्या तोंडाला लावली, फटी फडक्याने बुजवल्या आणि सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी मारलं. मोडक्या स्टडपाशी मस्त फेस आला. दोन स्ट्रोकच्या मध्ये तिथून बाहेरची हवा आत ओढली जात होती आणि पुढे बसलेला सेन्सर तीच ताजी हवा वास घेऊन मला सांगत होता की पेट्रोल कमी पडतंय. सेन्सर खरं बोलत होता, मी चुकीच्या जागी ऐकत होतो. हेड उतरवलं, भोक सरळ करून नवीन आट्यांचा इन्सर्ट बसवला, पहिला जेट परत टाकला, गेज १४ च्या आसपास.

माझा खरा राग याच गोष्टीवर आहे, आणि तो माझ्यावरच आहे. रिपेअर आणि मॉडिफिकेशन एकाच वेळी केलं की बिघाड जुना आहे का आपणच केलाय हे कळायला मार्ग राहत नाही. फक्त स्टड नीट केला असता आणि जुना कार्बोरेटर ठेवून महिनाभर चालवली असती तर हे दोन आठवडे वाचले असते.

हे शिकलो म्हणेपर्यंत दुसरं. इंजिन बेला, म्हणजे बॉनेटखालच्या इंजिनच्या खोबणीला, हौसेने रंग मारला, तीन हात, आरशासारखा. नंतर सेल्फ (स्टार्टर) एकदम ढिला, बॅटरी नवीन असून. मी सेल्फ उतरवून ओव्हरहॉल केला, काही फरक नाही. एक दिवस सेल्फ मारून झाल्यावर सहज चोकच्या केबलला हात लागला तर गरम. थंड गाडीची चोक केबल गरम का होईल? मल्टीमीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी इंजिन ब्लॉकला लावून सेल्फ मारला तर २.३ व्होल्ट. अर्ध्या व्होल्टच्याही आत पाहिजे. अर्थिंगच्या पट्टीखाली माझाच तो आरशासारखा रंग, मग करंट बिचारा चोकच्या केबलमधून घरी जायचा. दहा मिनिटं खरवडलं, नीट आवळलं, सेल्फ तडफदार.

गाडी खाली बसवणारे लोअरिंग स्प्रिंग टाकले होते, ते महिनाभरात काढले. दिसायला भारी, पण सस्पेन्शनचा खालचा आर्म बाहेरच्या टोकाला वर उचलला गेला की रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो) फारच खाली जातं आणि गाडी वळणावर उलट जास्त झुकते, वर खड्ड्यात स्टिअरिंग स्वतःचं डोकं चालवतं. फोटोसाठी ठीक.

एकाच मॉडिफिकेशनबद्दल मनापासून चांगलं सांगेन, हेडलाइटला रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच. त्याच्या पिनांपैकी ८५-८६ कॉइल, ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ वरून बल्ब, एवढंच. जुन्या स्विचमध्ये आणि बारीक वायरीत जी व्होल्टेज मरत होती ती बल्बला मिळाली, आणि स्विच गरम होणं बंद.

सध्या ६० च्या पुढे घूं घूं येतंय. उजवीकडे वळवली की वाढतं, म्हणजे भार डावीकडे गेल्यावर, म्हणजे पुढचं डावं बेअरिंग. बेअरिंग आणलंय. हब खोलायचाच आहे तर हातासरशी मोठ्या डिस्क टाकू म्हणून त्याही आणल्यात. तो बॉक्स अजून फोडला नाहीये, कपाटावर ठेवलाय, जरा हाताला लागणार नाही असा.