गड्ड्यातली ‘थंडरएग’: ११,२०० रुपयांचं सिमेंट

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत दगड मांडून बसलेल्या एकाला मी ११,२०० रुपये दिले. चार ‘थंडरएग’, म्हणजे पोटात अकीक (पट्ट्यापट्ट्यांचा अ‍ॅगेट) असणारे दगडी गोळे, नग २,८०० ला. फरशी कापणाऱ्याकडे कापून घेतली, त्याचे वर ६००. आत सिमेंट आणि खडी!

मी काही अडाणी गिऱ्हाईक नाही. थंडरएग बाहेरून ओबडधोबड, मातकट गोळाच दिसतो; आत अकीक आहे की नुसताच दगड, हे कापल्याशिवाय जाणकारालाही कळत नाही. समोर ठेवलेला कापीव नमुना अस्सल होता. मधोमध चांदणीचा आकार, त्यात निळसर-पांढरे अकीकाचे पट्टे. किल्लीनं घासला, ओरखडा नाही. नमुना खरा म्हटल्यावर कुणीही माल घेईल.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. तो म्हणाला, “साहेब, आपल्या मंगळवेढ्याकडचे हायत, विहीर खणताना निघाले.” तिथंच उठायला हवं होतं! आपला सगळा मुलूख बेसाल्टचा. त्यातल्या वायूच्या पोकळ्यांत गारगोट्या, अकीक मिळतात, पण ती थंडरएग नव्हेत. थंडरएग घडतात रायोलाइट नावाच्या ज्वालामुखी खडकात आणि ज्वालामुखीच्या राखेच्या थरांत, जिथं सिलिका भरपूर असते. गोळा आतून चांदणीसारखा तडकतो, मग सिलिका विरघळलेलं पाणी थरावर थर चढवत ती पोकळी भरतं. अमेरिकेतल्या ओरेगननं तर १९६५ साली त्याला राज्याचा खडक ठरवलंय. एवढं सगळं पाठ असून मी मान डोलावली. वर चारही गोळ्यांच्या कमरेला बारीक रेघ. साच्याची! खऱ्यांवरही कधी कधी कडा असतात म्हणून सोडून दिलं. पण चारहींवर एकाच जागी?

न कापलेला घ्यायचाच असेल, तर पैसे कापल्यावर द्या.

ठाण्यात माझीच करमणूक झाली. “दगडाला अकरा हजार?” म्हणून हसले. ५,००० मोबाइलवरून गेलेत ना, मग सायबरला जा. सायबरवाले म्हणे, व्यवहार समोरासमोर झालाय, ठाण्यात जा. पावती कुठंय? यात्रेत कोण पावती देतं बे? अर्जाची पोच मागितली तर साहेब बंदोबस्ताला. पैसे भलत्याच बाईच्या नावावर गेलेत, त्याचा स्क्रीनशॉट पुढं केला, कुणी मान वर करून बघितलं नाही. वर मलाच ऐकवलं, “तुम्ही स्वतःच्या हातानं पाठवलेत, फसवणूक कसली?” मग बंदूक लावायला हवी होती का त्यानं?

ऑनलाइन पैसे गेले तर आधी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. पाठवताना वर येणारं नाव वाचा. कापलेले तुकडे फेकू नका, पुरावा आहे तो. भडक गुलाबी किंवा गर्द निळा अकीक बहुतेक रंगवलेलाच असतो.

तो अजून फोन उचलतो. “चैत्रीला पंढरपुरात हाय, या की,” म्हणतो.