फोडणीतली मोहरी आणि फेसलेली मोहरी: कॅप्सूल, मोड आणि सात महिने

मागच्या दसऱ्याला पुण्याहून आलेल्या भाच्याने हातात डबी ठेवली. "मावशी, ब्रोकोलीचा अर्क आहे, रोज दोन घे." साठ कॅप्सूल, साडेतेराशे रुपये. आमचं गाव वर्ध्यापासून तासाभरावर. आठवडी बाजारात मुळा, पत्ताकोबी, फुलकोबी ढिगाने मिळते, ब्रोकोली मात्र कधी दिसली नाही. माझं वय 47, थायरॉइडची गोळी नऊ वर्षांपासून चालू आहे आणि घरी दोन एकर भाजीपाला. दोन महिने कॅप्सूल खाल्ल्या (दुसरी डबी मीच मागवली, हे कबूल करते), पुढचे पाच महिने घरचे मोड आणि मोहरी.

कॅप्सूलबद्दल लिहायला फार नाही. गवतासारखे ढेकर आले, बाकी काही नाही. चिडून एक दिवस डबीवरची बारीक अक्षरं वाचली. ब्रोकोलीतलं गुणकारी द्रव्य म्हणून ज्या सल्फोराफेनचं एवढं नाव आहे, ते आत नव्हतंच. होतं ग्लुकोराफॅनिन, म्हणजे कच्चा माल. भाजीत हा कच्चा माल एकीकडे आणि मायरोसिनेज नावाचं एन्झाइम दुसरीकडे असतं. चिरलं, चावलं, किसलं की दोघं भेटतात आणि तेव्हा कुठे सल्फोराफेन तयार होतं. डबीवर या एन्झाइमचा उल्लेखही नव्हता. ते नसेल तर आतड्यातले जिवाणू जमेल तेवढं काम करतात, आणि ते प्रत्येकाचं वेगळं. माझे बहुतेक आळशी असावेत.

हे मला खरं कळलं ते सासूबाईंच्या खलबत्त्यात. त्या लोणच्यासाठी मोहरी फेसत होत्या. कोरडी कुटली तेव्हा वास साधाच. चमचाभर पाणी घालून घोटली, आणि मिनिटभरात नाकात अशी झिणझिण गेली की डोळ्यांतून पाणी. तोच दाणा फोडणीत टाकला की तडतडतो, छान खमंग लागतो, पण नाकाला काही करत नाही. कढत तेलात एन्झाइम मरतं, म्हणून. पाण्यात ते जागं होतं आणि सिनिग्रिनपासून, म्हणजे मोहरीतल्या कच्च्या मालापासून, तो झणका तयार करतं. मोहरीचा झणका आणि ब्रोकोलीचं सल्फोराफेन ही एकाच खानदानातली भावंडं.

झाडाला हे सगळं कीड पळवायला लागतं, आपल्यासाठी नाही. पण चौकोनी ठिपक्याचा पतंग उलट याच वासावर येतो. त्याच्या अळीला हा झणक्याचा बार फुटण्याआधीच निकामी करता येतो. म्हणून तर कोबीच्या 25 ओळींमागे मोहरीच्या 2 ओळी लावायला सांगतात. पतंग मोहरीवर जातो, कोबी वाचते. आम्ही लावतो, फवारणी कमी लागते.

आता मोड. 1992 मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या पॉल टॅलले यांच्या गटाने ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं. 1997 मध्ये त्याच गटाने दाखवलं की तीन दिवसांच्या मोडांत कच्चा माल मोठ्या गड्ड्यापेक्षा 10 ते 100 पट असतो. ब्रोकोलीचं बी कुठून आणू? मुळ्याचं आणलं, त्याच घराण्यातलं. कृषी केंद्रातून पाकीट आणलं, रात्री भिजत घातलं, आणि सकाळी पाणी गुलाबी! पेरणीच्या बियाण्याला बुरशीनाशक चोळलेलं असतं. एवढी वर्षं शेती करूनही ही चूक मी केली. सगळं फेकलं. तुम्ही करू नका. घरच्या मुळ्याच्या वाळल्या शेंगांतलं बी किंवा डब्यातली मोहरी घ्या. हळीव बरणीत घालू नका, त्याचा बुळबुळीत गोळा होतो. ओल्या फडक्यावर मात्र छान येतो.

मला मोहरीला पाणी देताना पाहून सासूबाई म्हणाल्या, "काय करून रायली वं? घरात भाजी नाही का खायले?"

थंडीत मोड सुरेख आले. मार्चमध्ये पारा चढला तशी बरणी दुसऱ्याच दिवशी आंबूस व्हायला लागली, तेव्हा बंद केली. कच्च्या मोडांत जंतू झपाट्याने वाढतात. 1996 मध्ये जपानच्या साकाई शहरात हजारो शाळकरी मुलं आजारी पडली, तेव्हा संशय मुळ्याच्या मोडांवरच होता.

थायरॉइडवाल्यांसाठी थोडं जास्त लिहिते, कारण माझीच धाकधूक होती. कोबीवर ठेवलेल्या सशांना गलगंड झाला, हे 1928 मध्ये त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये दिसलं होतं. या भाज्यांतून निघणारं थायोसायनेट आयोडीनच्या वाटेत आडवं येतं. पण ते ससे जवळपास कोबीच खात होते. मी मूठभरच मोड खायचे, मीठ आयोडीनचं, गोळी वेळेवर. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) आधी 3.1 होतं, एप्रिलमध्ये 3.4. डॉक्टर म्हणाले, चालू द्या. शेजारचे काका रक्त पातळ व्हायची गोळी घेतात. त्यांना मात्र मी स्वतःहून काही सुचवलं नाही. कोबीवर्गात रक्त गोठायला मदत करणारं व्हिटॅमिन के असतं, आणि त्यांच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही.

फायदा काय झाला? खरं सांगायचं तर अंगाला जाणवेल असा एकच, पोट साफ राहतं. तो कदाचित नुसत्या चोथ्याचा असेल. आधी महिनाभर पोटात गुबारा धरायचा, तोही याच भाज्यांचा. चीनच्या किडोंगमध्ये 291 जणांना 12 आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय दिलं, तेव्हा लघवीवाटे बेंझीन हे घातक रसायन बाहेर टाकण्याचं प्रमाण 61 टक्क्यांनी वाढलं होतं. आमच्याकडे पाहुणे आले की अजून चूल पेटते, धुरात बेंझीन असतंच, म्हणून हे वाचून बरं वाटलं. पण त्यावरून कॅन्सर टळतो असं कोणी सांगत असेल तर मी ऐकून घेणार नाही.

आता घरात चाललंय ते असं. पत्ताकोबी चिरून पाऊण तास तशीच ठेवते, म्हणजे एन्झाइमचं काम कढईआधीच उरकतं. फुलकोबी शिजली की उतरवून, जरा निवल्यावर वरून कच्च्या मोहरीची पूड चिमूटभर. शिजताना मेलेलं एन्झाइम ती परत आणते. मुळा किसून दह्यात, वर सांभार (कोथिंबीर), भाकरीसोबत. पूड जास्त झाली तर भाजी कडवट होते आणि नवरा ताट सरकवतो, तेव्हा चिमूटच.

कॅप्सूल परत मागवणार नाही. पाच पैकी एक तारा, तोही डबीला. झाकण घट्ट बसतं, मोहरीची पूड त्यातच ठेवलीय.