पेज बंद पडलं तर ग्रिव्हन्स अपिलेट कमिटीत जा, निलंग्याहून अनुभव

रेटिंग आधीच सांगते. ज्या सोशल मीडिया कंपनीवर आमच्या धंद्याचं पेज आहे तिच्या हेल्प सेंटरला १ स्टार. अशा कंपन्यांच्या निर्णयावर अपील ऐकणाऱ्या सरकारच्या ग्रिव्हन्स अपिलेट कमिटीला, म्हणजे जीएसीला, ५ पैकी साडेचार. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण ज्यांची ज्यांची पेजं बंद पडली त्यांच्याशी बोलले तर प्रत्येकाची कंपनी वेगळी आणि गोष्ट तीच निघाली.

आम्ही निलंगा तालुक्यातले. आई घरी काळा मसाला, येसर, शेंगदाण्याची चटणी करते आणि बोरसुरीची तूरडाळ विकते. बोरसुरीच्या डाळीला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे त्या गावाच्या मालाची ओळख सांगणारं सरकारी मानांकन, मिळालं तेव्हापासून बाहेरचे लोकही विचारायला लागलेत, पण खरे गिऱ्हाईक म्हणजे पुण्या-मुंबईला गेलेले आपलेच लातूर धाराशिवचे लोक. वेळ अमावस्या, म्हणजे आमच्याकडचा शेतातला सण, जवळ आली की भज्जीसाठी हरभऱ्याच्या डाळीचं पीठ पाठवा, अंबिलासाठी ज्वारीचं पीठ पाठवा असे मेसेज सुरू होतात, वर्षाची निम्मी कमाई तेवढ्या दिवसांत होते म्हणलं तरी चालेल. पेज मी बघते, बाकी सगळं आईचं.

आणि नेमकं त्याच दिवसांत पेज बंद. सकाळी उघडलं तर "तुमचं अकाउंट आमच्या नियमांत बसत नाही" एवढीच ओळ. कोणता नियम, कोणती पोस्ट, काही नाही. धंदा थांबला ते वेगळंच, पण लोकांनी आधीच युपीआयने पैसे पाठवलेले आणि त्यांचे पत्ते होते पेजच्या मेसेजमध्ये, ते सगळे आत अडकले. घरात खोकी भरून तयार, वर चिकटपट्टी लावलेली, पेनाने नुसतं नाव लिहिलेलं, खाली पत्त्याची जागा कोरी. आईला पेजचं काही वाटत नव्हतं, तिचं एकच, लोकांचे पैसे घेतलेत आता डाळ कुठं पाठवू सांग. ज्यांचे फोन नंबर सापडले त्यांना फोन लावून पत्ते घेतले, बाकीच्यांना पैसे परत केले.

आता हेल्प सेंटर. मदत पाहिजे तर आधी लॉगिन करा म्हणतं, लॉगिन केलं की अकाउंट बंद आहे म्हणतं, पुढं जायला रस्ताच नाही. एक "रिव्ह्यू मागा" असं बटण आहे, ते दाबलं की ओळखपत्र मागतं, मग चेहऱ्याचा व्हिडिओ मागतं. आईला दारात उजेडाला बसवलं, मी फोन धरला, स्क्रीनवर गोल येतो त्यात तोंड बसवायचं, मग मान उजवीकडं, मग डावीकडं. मान वळवली की पदर पुढं यायचा आणि गोल लाल व्हायचा, परत पहिल्यापासून. शेवटी ती म्हणाली, "आगं मी काय चोरी केली का, किती येळा तोंड दाखवू त्याला?" मला लै वाईट वाटलं. साठी ओलांडलेली बाई, आयुष्यभर कुणाचं एक रुपया देणं ठेवलं नाही, आणि तिला एका मशीनपुढं स्वतःची ओळख पटवून द्यावी लागते आणि ते मशीन दोन सेकंदात नाही म्हणतं.

ओळख पटेना कामून तर कागदावरची नावं. आपल्याकडं घरोघरी हीच कथा आहे. आधारवर नावाला बाई जोडलेलं, पॅनवर बाई नाही, बँकेत मधलं नाव वडिलांचं, बाकी ठिकाणी नवऱ्याचं. कंपनीला धंद्याचा पुरावा पाहिजे म्हणून उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, करायला गेलो तर तिथं आधार आणि पॅन दोन्हीची पडताळणी होते, तिथंच अडलं. मग आधी पॅनची दुरुस्ती, त्यासाठी जोडायचा कागद एका ऑफिसात, त्या ऑफिसात साहेब मीटिंगला, टेबलावरचा माणूस मान वर न करता उद्या या म्हणणार, उद्या गेलं की झेरॉक्स कमी आहे म्हणणार. यादी एकदाच लिहून द्या ना म्हणलं तर भिंतीवर लावलीय बघा, आणि भिंतीवरची यादी जुनी. यातलं एकच कामाचं सांगते, उद्यम नोंदणी १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि सरकारी साईटवर एकदम मोफत आहे. बाहेर त्याचे हजार-पाचशे मागतात, फॉर्म भरून देण्याची मजुरी द्यायची तर द्या पण सरकारी फी म्हणून कुणी मागत असेल तर देऊ नका.

सगळी नावं एक झाली, कागद चढवले, आणि बटणवाल्या रिव्ह्यूचं उत्तर परत तेच आलं. इथं बहुतेक लोक सोडून देतात आणि नवीन पेज काढतात. मी पण काढणार होते, पण जुन्या पेजवर एवढ्या वर्षांचे लोकांचे अभिप्राय होते, एका काकूंनी तर लेकीच्या डोहाळजेवणाचा फोटो टाकून येसर आमटीबद्दल लिहिलेलं, ते आईला वाचून दाखवते मी कधी कधी. ते का म्हणून सोडायचं?

लातूरला एका ओळखीच्या वकील मॅडमनी मग सांगितलं की ॲपमधलं बटण दाबणं ही कायद्याच्या भाषेत तक्रार धरली जाईलच असं नाही. २०२१ च्या आयटी नियमांप्रमाणे अशा प्रत्येक कंपनीला तक्रार अधिकारी, म्हणजे ग्रिव्हन्स ऑफिसर नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साईटवर किंवा ॲपवर ठळक द्यावा लागतो, तक्रार मिळाल्याची पोच २४ तासांत द्यावी लागते आणि ७ दिवसांत तक्रार निकाली काढावी लागते (फेब्रुवारी २०२६ च्या बदलाआधी ही मुदत १५ दिवसांची होती). ५० लाखांच्या वर नोंदणीकृत युजर असलेल्या सोशल मीडिया कंपनीला तर हा अधिकारी भारतात राहणारा लागतो आणि भारतातला पत्ताही द्यावा लागतो. आमच्या कंपनीचा हा मेल आयडी कायद्याच्या मजकुराच्या पार तळाशी बारीक अक्षरात सापडला. शोधा, असतो.

त्याला मी साधा मेल लिहिला. पेजचं नाव, लिंक, कोणत्या तारखेला बंद झालं, स्क्रीनशॉट, सोबत उद्यमचं सर्टिफिकेट, आणि शेवटी मागणी काय ते एका ओळीत, की कोणत्या पोस्टमुळं कारवाई केली ते सांगा आणि पेज चालू करा. घरची अडचण, आईचं वय वगैरे काही लिहिलं नाही, मॅडम म्हणाल्या की तारखा आणि पुरावे लिहा, तेवढंच वाचलं जातं. पोच आली, तक्रार नंबर आला. आणि मुदतीच्या शेवटी उत्तर आलं, आम्ही तपासलं, निर्णय कायम. छापील उत्तर. पण तेच उत्तर लागतं पुढं जायला! त्या उत्तराच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत जीएसीकडं अपील करता येतं. बटण दाबत बसलेल्या लोकांच्या हातात ही तारीखच येत नाही, म्हणून त्यांचं काम तिथंच राहतं.

आता जीएसीबद्दल. ऑक्टोबर २०२२ मध्ये नियमांत बदल करून ही सोय आणली आणि मार्च २०२३ पासून ती सुरू आहे. तीन समित्या आहेत, प्रत्येकीत एक अध्यक्ष आणि दोन सदस्य. सगळं ऑनलाइन, जीएसी डॉट गव्ह डॉट इन वर, दिल्लीला जायचं नाही, वकील लावायचा नाही. मी निलंग्यात घरी बसून फोनवर स्क्रीनशॉट काढले आणि शेजारच्या पोराच्या लॅपटॉपवर फॉर्म भरला. तक्रार अधिकाऱ्याला पाठवलेला मेल, त्याचं उत्तर, आणि त्या उत्तरात चूक काय ते लिहायचं. मी दोन मुद्दे लिहिले. एक, कारण सांगितलेलं नाही. दोन, मोठ्या कंपनीने स्वतःहून मजकूर काढला तर युजरला आधी कळवायचं, कारण द्यायचं आणि म्हणणं मांडायची संधी द्यायची असं त्याच नियमांत लिहिलंय, आम्हाला तशी संधी दिली नाही.

अपील ३० दिवसांत निकाली काढायचा प्रयत्न करावा असं नियमात आहे. आमच्या बाबतीत निकालाच्या आधीच कंपनीचा मेल आला, पेज चुकून बंद झालं होतं, पूर्ववत केलं आहे. जे हेल्प सेंटर इतके दिवस बघायला तयार नव्हतं त्याला समितीचं पत्र गेल्यावर माणूस सापडला. एवढ्यासाठीच साडेचार स्टार. तारखा पाळल्या गेल्या, अपिलाची स्थिती दिसत होती, कुणी उद्या या म्हणलं नाही.

अर्धा स्टार कापला कारण नुकसानभरपाई द्यायची तरतूद या नियमात नाही, गेलेला सीझन गेला तो गेलाच. आणि दुसरं म्हणजे हे तालुक्याच्या ठिकाणी कुणालाच माहीत नाही. बचत गटाच्या बायका आता सगळ्या फोनवर धंदा करायल्या, त्यांच्या ट्रेनिंगमध्ये पेज कसं काढायचं ते शिकवतात, बंद पडलं तर काय करायचं ते एक तास तरी शिकवा. गटविकास अधिकारी कुणी वाचत असेल तर मनापासून विनंती आहे, मी स्वतः येऊन सांगायला तयार आहे, पैसे नकोत.

एक धोक्याचं राहिलं. पेज बंद असताना कस्टमर केअर नंबर म्हणून सर्च करू नका. सापडतात ते नंबर बहुतेक चोरांचे, मला पण एकाचा फोन आला, कंपनीतून बोलतो, पाच हजार द्या आणि स्क्रीन शेअर करा, संध्याकाळपर्यंत चालू करून देतो. अशा कंपन्या फोनवर बोलतच नाहीत. पैसे गेलेच कुणाचे तर वेळ न घालवता १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावा, जितका लवकर लावाल तितके पैसे अडवता यायची शक्यता जास्त.

आमचं एक काम अजून बाकी आहे. पेज बंद होतं त्या दिवसांचे जाहिरातीचे पैसे कंपनीने कापले ते परत मिळालेले नाहीत. पैसे देऊन घेतलेली सेवा आहे आणि पोटासाठी स्वतः करायचा धंदा आहे, त्यामुळं ग्राहक कायद्यात बसतं असं मॅडम म्हणतात. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंत फी नाही आणि दोन वर्षांची मुदत असते. ई-जागृती या ग्राहक तक्रारीच्या सरकारी पोर्टलवरून लातूरच्या ग्राहक आयोगात टाकायची आहे, बिलं काढून ठेवलीत, आईची सही घेतली. काय होतं ते इथंच लिहीन.