‘तास भरून देतो’ म्हणणाऱ्यापासून लांब राहा: माझे ७,६३,५०० रुपये गेले

आकडे आधीच लिहून टाकते, म्हणजे कुणी विचारायला नको. पायलटच्या नोकरीसाठी लागणारे ताजे उड्डाणाचे तास मिळावेत म्हणून दिले ८,०३,५००. ओरडून, भांडून, वकिलाची नोटीस पाठवून परत आले ४०,०००. उडायला मिळालं ४ तास १० मिनिटं. हिशोब केला तर तासाला १,८३,२४० रुपये पडले, आणि या भावात मी सेसना १७२ हे एका इंजिनाचं छोटं विमान उडवत होते, एअरबस नव्हे.

‘एवढी शिकलेली मुलगी फसलीच कशी’ हे वाक्य घरात, वाड्यात, मावशीकडे सगळीकडे ऐकून झालंय. म्हणून आधी कशी ते सांगते.

माझं सीपीएल, म्हणजे कमर्शियल पायलट लायसन्स, डिसेंबर २०१८ चं. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली आणि हजारो तास उडालेले, टाइप रेटिंग (ठरावीक मोठं विमान उडवायची परवानगी) हातात असलेले लोक आमच्याच रांगेत येऊन उभे राहिले. २१४ तासवाल्या पोरीला कोण विचारतो? मग कोविड. २५ मार्च २०२० पासून दोन महिने देशांतर्गत प्रवासी विमानं जमिनीवर, आणि त्यानंतर बराच काळ नव्या मुलांच्या भरतीचं नाव नाही. मे २०२३ मध्ये गो फर्स्ट ही एअरलाइन बसली, पुन्हा तीच रांग. आणि त्याच वर्षी एअर इंडियाने ४७० विमानांची आणि इंडिगोने ५०० विमानांची ऑर्डर दिली म्हणून टीव्हीवर ‘पायलटांची टंचाई’ सुरू. नातेवाइकांचे फोन: अगं, आता तरी भर ना फॉर्म! टंचाई कॅप्टनची असते हो काका. सीपीएल घेऊन घरी बसलेल्यांची नाही.

फॉर्म मी भरतच होते. त्यात एकूण तासांच्या खाली तीन चौकोन असतात: गेल्या १२ महिन्यांतले तास, गेल्या ६ महिन्यांतले तास, शेवटच्या उड्डाणाची तारीख. माझी शेवटची तारीख डिसेंबर २०१९. वरच्या दोन चौकोनांत शून्य. ऑक्टोबर २०२३ मध्ये नियम बदलून सीपीएलची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षं झाली तेव्हा आम्ही सगळ्यांनी पेढे वाटायचेच बाकी ठेवले होते. पण कागद जिवंत राहिला म्हणून हात जिवंत राहत नाही, आणि एअरलाइनला हात हवा असतो. डीजीसीए (विमान वाहतुकीचं सरकारी नियामक खातं) सीपीएल देतानाच लागणाऱ्या २०० तासांपैकी १५ तास पीआयसी, म्हणजे स्वतः कमांडमध्ये उडवलेले, गेल्या सहा महिन्यांतले मागतं. प्रवासी घेऊन उडायचं तर गेल्या ९० दिवसांत ३ टेकऑफ आणि ३ लँडिंग लागतात. एअरलाइन्स त्याच्यावर आपली अट चढवतात. त्यांना नावं ठेवत नाही. पाच वर्षं न उडालेल्या माणसाला सिम्युलेटरमध्ये रॉ डेटावर, म्हणजे ऑटोमॅटिक मदतीशिवाय नुसते काटे बघत, आयएलएस (धावपट्टीपर्यंत आणणारी रेडिओ यंत्रणा) करायला बसवा, स्कॅन, म्हणजे काट्यांवरून फिरणारी नजर, कसा विस्कटतो ते बघा. मी स्वतः पुण्यात नॅव्हिगेशन आणि एअर रेग्युलेशन्स शिकवते, थिअरी तोंडपाठ आहे. त्याने लोकलायझरचा, म्हणजे धावपट्टीची मधली रेघ दाखवणारा, काटा मध्यावर राहत नाही.

तर मला ताजे तास हवे होते. आणि ही गरज ज्याला कळते तो माणूस तुम्हाला बरोबर शोधून काढतो.

विमाननगरला ऑफिस. भिंतीवर चार पट्ट्यांच्या युनिफॉर्ममधला फोटो. सगळे ‘कॅप्टन साहेब’ म्हणत, मीही म्हटलं. ‘रीसेन्सी पॅकेज’, म्हणजे ताज्या तासांचं: २० तास सिंगल इंजिन, ५ तास मल्टी (एकाहून जास्त इंजिनांचं विमान), आयआर चेक (इन्स्ट्रुमेंट रेटिंगची परीक्षा), आणि शेवटी ‘इंटरव्ह्यू लायनिंग’, म्हणजे एअरलाइनचा इंटरव्ह्यू लावून देणं. एकूण ७,८५,०००. बुकिंगला १,५०,०००, स्लॉट कन्फर्म झाल्यावर ३,८५,०००, उरलेले २,५०,००० आयआरच्या आधी. वर १८,५०० ‘फाइल चार्जेस’.

आता जे म्हणतात की स्वस्तात मिळतंय म्हणून भुलली, त्यांच्यासाठी. मी आधी दोन-तीन ठिकाणी दर विचारले होते. १७२ चा तासाला १६,००० च्या आसपास, मल्टीचा ४५,०००. म्हणजे ३,२०,००० अधिक २,२५,०००, वर परीक्षकाची फी, राहणं, जेवण. ७,८५,००० हा आकडा स्वस्त नव्हताच. उलट जरा महागच होता, म्हणून खरा वाटला. विमानतळही खरा होता, ट्रेनिंग स्कूलही डीजीसीएच्या मान्यताप्राप्त यादीतलं होतं. यादी बघा, यादी बघा म्हणून सगळे सांगतात ना? मी बघितली होती. यादीत नाव स्कूलचं होतं, पैसे जात होते भलत्याच्या खात्यात. खातं आणि यादीतलं नाव एकच आहे का, हे बघा. माझी पावती ‘एव्हिएशन’ शब्द असलेल्या एका प्रोप्रायटरी फर्मची होती आणि तिच्यावर लिहिलं होतं ‘करिअर मार्गदर्शन शुल्क, परतावा नाही’. ना विमानाचा उल्लेख, ना तासांचा. बाबांनी विचारलं होतं, हे काय मार्गदर्शन? मी म्हटलं, जीएसटीसाठी असेल काहीतरी. बाबांच्या पीएफमधले ५,००,००० होते त्यात.

एप्रिल २०२५ मध्ये धावपट्टीवर पोचले. राज्यातलीच, नाव वकिलाने लिहू नको सांगितलंय. हँगरमध्ये ते मल्टी इंजिन उभं होतं. डाव्या इंजिनाला प्रोपेलरच नाही. कावलिंग (इंजिनावरचं झाकण) उघडं, आत चिमणीने काड्या आणून ठेवलेल्या, पुढचं चाक रिमवर बसलेलं. मी विचारलं तर मेकॅनिक हसला आणि चहा घ्यायला निघून गेला. कॅप्टन साहेबांना फोन लावला: “बेटा, इन्स्पेक्शन चालू आहे, आठवड्यात लाइनवर येईल.” ज्या विमानावर ५ तास विकलेत त्याचं एअरवर्दीनेस सर्टिफिकेट चालू आहे का, हे पैसे देण्याआधी विचारायचं असतं. दाखवत नसतील तर उठायचं.

पण खरी वेळ ती नव्हती. खरी वेळ दुसऱ्या दिवशी आली आणि ती आठवली की अजून कानशिलं तापतात.

पहिली सॉर्टी, म्हणजे उड्डाणाची फेरी. स्टार्ट करताना सवयीने हॉब्स (विमान किती तास चाललं ते मोजणारं मीटर) बघितला: ४३१८.६. उतरून चॉक्स (उभ्या विमानाच्या चाकांना लावायचे अडसर) लागले तेव्हा ४३१९.९. म्हणजे १.३, माझ्या घड्याळात चॉक्स ते चॉक्स १ तास २० मिनिटं. इतक्या वर्षांनी उडून उतरले होते, पाय थरथरत होते, चेहऱ्यावरचं हसू जात नव्हतं. ऑफिसात आले तर क्लार्क रजिस्टरमध्ये माझ्या नावापुढे लिहीत होता: २ तास ३५ मिनिटं. उलटं वाचूनसुद्धा स्पष्ट दिसत होतं. मी म्हटलं, अहो, १:२० झालेत. तो मान वर न करता म्हणाला, “मॅडम, तुमचाच फायदा आहे. एअरलाइनवाले लॉगबुक बघतात, हॉब्स बघायला कोण येतंय?”

तिथेच उठायला हवं होतं. बॅग उचलून एसटी स्टँड गाठायला हवा होता. त्याऐवजी मी स्वतःलाच समजावलं: चॉक्सचा वेळ आणि हॉब्सचा वेळ थोडा वेगळा असतो, क्लार्क नवीन असेल, संध्याकाळी सीएफआयशी, म्हणजे मुख्य इन्स्ट्रक्टरशी, बोलू. थोडा वेगळा! दुपटीने? पण ५,३५,००० आणि १८,५०० जाऊन बसले होते. एवढे गेल्यावर माणूस भांडण काढत नाही, सांभाळून घेतो. तुम्हीही घेतलं असतं. माझ्या लॉगबुकात, म्हणजे पायलटच्या स्वतःच्या तासांच्या वहीत, मात्र मी १:२० च लिहिलं, आणि हॉब्सचा फोटो काढला. तेवढी अक्कल शाबूत होती.

पुढे तेच. विमान आहे तर इन्स्ट्रक्टर नाही, इन्स्ट्रक्टर आहे तर इंधन नाही, दोन्ही आहे तर ‘क्रॉसविंड’, म्हणजे धावपट्टीला आडवा वारा. या काळात ‘आयआर परीक्षकाची तारीख मिळाली’ म्हणून उरलेले २,५०,००० उकळले. मे संपत आला, आभाळ भरायला लागलं. मग कॅप्टन साहेब खास जेवायला घेऊन गेले आणि मुद्द्यावर आले: पावसाळ्यात आता काही होत नाही, उरलेले तास आपण वहीत भरून देऊ, सही-शिक्का सगळं पक्कं. मल्टीचेही. ज्या विमानाला प्रोपेलर नाही त्याचे!

मी नाही म्हटलं. २०११ मध्ये बनावट मार्कशीट आणि न उडवलेले तास यांची प्रकरणं निघाली, पायलट अटकेत गेले, हे मी दर बॅचला वर्गात सांगते. नाही म्हटल्यावर ‘बेटा’ संपलं. म्हणाले, मग पॅकेज वापरलं गेलंय असं समजा, रजिस्टरला तुमचे ८ तास ५ मिनिटं लागलेत.

आता कळलं का ते दुपटीने का लिहीत होते? एक म्हणजे तुमचे पैसे निम्म्या उड्डाणात संपतात. दुसरं जास्त घाणेरडं: खोटे तास ज्याने एकदा घेतले तो आयुष्यात तक्रार करू शकत नाही. त्याच्याच वहीत पुरावा, त्याच्याच विरुद्ध. माझ्यासोबतच्या दोघांनी घेतले. त्यांची नावं मी कधीच लिहिणार नाही, पण ते आता माझा फोनही उचलत नाहीत.

आणि आता आपली व्यवस्था. पुण्यातल्या पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “विमान चोरीला गेलंय का, मॅडम?” दुसरा: मिस्टर काय करतात? मग ‘हे सिव्हिल मॅटर आहे’. उड्डाण दुसऱ्या जिल्ह्यात झालं, तिकडे जा. तिकडे गेले तर पैसे पुण्यात दिले, तिकडे जा. अहो, गुन्हा कुठेही घडला तरी एफआयआर कुठेही नोंदवता येतो, त्याला झिरो एफआयआर म्हणतात, हे मी सांगायचं का तुम्हाला? एका साहेबाने लॉगबुक आणि रजिस्टरचा फोटो शेजारी ठेवून विचारलं, दोन्हीत तास वेगळे आहेत, म्हणजे खोटं तुम्हीच लिहिलंय ना? हॉब्सचा फोटो दाखवला. “हे मीटर रिक्षाचं आहे का?” सगळे हसले. दिल्लीच्या ज्या कार्यालयाने या विषयात लक्ष घालायला हवं, त्यांचं उत्तर: पैशांचा वाद आमच्या कक्षेत येत नाही. मी पैशांबद्दल लिहिलंच नव्हतं! मी लिहिलं होतं की रजिस्टरमध्ये न उडवलेले तास लिहिले जातात, ही घ्या तारीख, हे विमान, हे मीटर. उद्या अशा तासांवर कुणीतरी १८० माणसं घेऊन उजव्या, म्हणजे को-पायलटच्या, सीटवर बसेल. त्यावर दुसरं पत्र: तक्रार योग्य विभागाकडे वर्ग केली आहे. योग्य विभाग कोणता, ते लिहिलेलं नाही. आणि स्कूल म्हणतं, आम्ही तुमच्याकडून एक रुपया घेतलेला नाही. खरंच आहे, पावतीवर त्यांचं नाव कुठे आहे?

इंटरव्ह्यूसाठी पैसे मागणारा चोर असतो, त्यात अपवाद नाही. जागा एअरलाइनच्या स्वतःच्या साइटवर निघतात. पॅकेज घेऊ नका, उडाल तसे पैसे द्या, दर सॉर्टीनंतर, स्कूलच्या खात्यात. स्टार्ट आणि शटडाउन दोन्ही वेळचा हॉब्स, विमानाच्या नोंदणी क्रमांकासकट, फोटोत घ्या. ताजे तास मे-जूनमध्ये विकणाऱ्याला आधी आभाळ दाखवा. आणि रजिस्टरमध्ये जास्त तास दिसले तर त्याच दिवशी ईमेल करा, तोंडी बोलू नका. मी तोंडी बोलले होते.

सध्या वकिलाने भारतीय न्याय संहितेच्या ३१८(४) खाली गुन्हा नोंदवायचा आदेश मिळावा म्हणून मॅजिस्ट्रेटकडे अर्ज केलाय. त्यांची फी आतापर्यंत ३५,०००, ती वरच्या हिशोबात धरलेली नाही. ज्यांच्याकडे ‘करिअर मार्गदर्शन शुल्क, परतावा नाही’ असं छापलेली पावती आहे आणि वहीत खोटे तास नाहीत, त्यांनी ती फाडू नका, बँकेचं स्टेटमेंट काढून ठेवा आणि मला कळवा. एकटीच्या अर्जाला वजन येत नाही, असं वकील म्हणतात. खोटे तास घेऊन बसला असाल तर आधी स्वतःचा वकील गाठा, मग मला फोन करा.