डिप्लोमसी, आठ महिन्यांनंतर: सैन्य समुद्रापार नेताना

आठ महिने झाले, महिन्यातून एका रविवारी आम्ही सात जण डिप्लोमसी खेळतो. अ‍ॅलन कॅल्हॅमर यांनी १९५९ साली बाजारात आणलेला हा पटावरचा खेळ: युरोपचा नकाशा, प्रत्येकाकडे एक देश, आणि त्याची सैन्यं व आरमारं म्हणजे सोंगट्या. फासे नाहीत, सगळे आपापले हुकूम कागदावर लिहितात आणि एकदम उघडतात. सात जण जमवायचे आणि अख्खा दिवस काढायचा, ही अडचण आहेच. पण मला लिहायचंय ते सैन्य समुद्रापार नेण्याबद्दल, कारण माझ्या मते खेळाचा जीव तिथे आहे.

समुद्रात उभ्या आरमाराला कॉन्व्हॉयचा, म्हणजे सैन्य पार नेण्याचा, हुकूम द्यायचा, सैन्याला पलीकडच्या किनाऱ्याचा. दोन्ही जुळले की एकाच खेपेत सैन्य पार! आरमारांची साखळी असेल तर कितीही लांब. मात्र त्या खेपेला आरमार जागचं हलत नाही, कुणाच्या हल्ल्याला किंवा बचावाला जोर देणारं पाठबळही देत नाही. आणि किनारपट्टीच्या प्रांतात उभं असलेलं आरमार कॉन्व्हॉय करू शकत नाही, हे नवखे हमखास विसरतात.

तिसऱ्या डावात मी इटली होतो. खेळातल्या कालगणनेत १९०२ ची शरद ऋतूची खेप. ट्युनिसचं सैन्य आयोनियन आणि पूर्व भूमध्य समुद्रातल्या माझ्या दोन आरमारांवरून थेट तुर्कस्तानच्या स्मर्नात उतरवायचं होतं. तुर्कस्तानने एजियनमधून पूर्व भूमध्यावर हल्ला केला. नुसत्या हल्ल्याने कॉन्व्हॉय मोडत नाही, आरमार हुसकावलं गेलं तरच मोडतो. पण त्या हल्ल्याला स्मर्नातल्याच आरमाराचं पाठबळ होतं, म्हणजे माझं आरमार हुसकावलं जाणार. मात्र पाठबळ देणाऱ्यावरच हल्ला झाला की ते पाठबळ तुटतं. मी म्हटलं, माझं सैन्य स्मर्नावरच चालून येतंय, मग पाठबळ तुटलं की! अर्धा तास वाद झाला. उत्तर २००० सालच्या नियमांत सापडलं: सैन्य ज्या आरमारावरून येतंय, त्याच्यावरच्या हल्ल्याला दिलेलं पाठबळ त्या सैन्याला तोडता येत नाही. मला ते पटलं. आरमार टिकलं तर सैन्य पोचणार, सैन्य पोचलं तर आरमार टिकणार. हे चक्र कुठेतरी थांबवायलाच हवं. माझं सैन्य ट्युनिसलाच राहिलं.

मला सगळ्यात आवडतं ते हे, की दुसऱ्याचं आरमारही तुमचं सैन्य नेऊ शकतं. मागच्या डावात इंग्लंड खेळणाऱ्या मैत्रिणीने लंडनचं सैन्य फ्रान्सच्या भरवशावर सोडलं. कागद उघडेपर्यंत तिने मान वर केली नाही. फ्रान्सच्या कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं: आरमार इंग्लिश चॅनल, कॉन्व्हॉय, लंडन ते बेल्जियम.